बारा सोंगट्यांवरून वीसवर जाताना

चाळीत, ऑफिसात कुणी हरवत नाही म्हणून ड्राफ्ट्स, म्हणजे चेकर्स, गंभीरपणे खेळायचं ठरवलंय ना? मीही लालबागच्या आमच्या चाळीत असाच चॅम्पियन होतो. आठ बाय आठचा पट, बारा-बारा सोंगट्या. मग दहा बाय दहाच्या आंतरराष्ट्रीय पटावर, वीस-वीस सोंगट्यांसमोर बसलो आणि पहिल्याच स्पर्धेत तोंडावर आपटलो.

समोरच्याच्या सोंगटीवरून उडी मारून ती मारणं सक्तीचं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आठच्या पटावर दोन मार दिसले तर हवा तो घ्यायचा. दहाच्या पटावर जास्त सोंगट्या मरतील तोच घ्यावा लागतो. मोजताना राजाही (पलीकडच्या टोकाला पोचून बढती मिळालेली सोंगटी) एक आणि साधी सोंगटीही एकच. इथवर मला पाठ होतं. मेलेल्या सोंगट्या उचलायच्या कधी, हे मात्र मी नीट वाचलंच नव्हतं. अख्खा मार संपेपर्यंत त्या पटावरच राहतात, आणि एकीवरून दोनदा उडी मारता येत नाही. माझा राजा तीन मारून वळला. पहिली मेलेली उचलली जाणार, वाट मोकळी, चौथी आपलीच, असा माझा हिशेब. ती जागची हललीच नाही. राजा तिला अडून थांबला तो नेमका समोरच्याच्या सोंगटीच्या तोंडाशी. त्या तीन त्याने मुद्दाम खाऊ घातल्या होत्या. फ्रेंच खेळाडू याला तुर्की मार म्हणतात. त्या रात्री लोकलमध्ये बसायला जागा असूनही मी दारातच उभा होतो.

म्हणून सरावात मेलेली सोंगटी उलटी करून पटावरच ठेवा. मोबाइलवर ती आपोआप नाहीशी होते. माझी सवय तिथेच बिघडली.

‘तीन महिन्यांत मास्टर’ म्हणणाऱ्या सरांना मी फी भरलेली आहे. ओपनिंग पाठ करून घेतल्या, एंडगेम एकदाही मांडला नाही. तुम्ही भरू नका. नोकरीही सोडू नका. ड्राफ्ट्सवर घर चालवणारा मला मुंबईत अजून भेटलेला नाही.

‘कॉम्प्युटरने खेळ संपवला’ असं ऐकवतील. २००७ मध्ये चिनूक हा ड्राफ्ट्स खेळणारा प्रोग्राम बनवणाऱ्यांनी सिद्ध केलं खरं, की आठच्या पटावर दोघेही अचूक खेळले तर डाव बरोबरीतच सुटतो. पण याच चिनूकला १९९२ मध्ये लंडनला मॅरियन टिन्स्ली या अमेरिकन खेळाडूने ४-२ असं हरवलं होतं, ३३ डाव बरोबरीत सोडवून. वय ६५, पेशा गणित शिकवण्याचा. तेव्हा तिशीत सुरुवात केली म्हणून घाबरू नका, मीही तिशीतच केली.

परवा शेजारचा पोरगा पहिल्यांदा दहाच्या पटावर बसला. मार अर्धाच झाला होता, तोच मेलेली सोंगटी उचलायला त्याने हात घातला. मी मनगटच धरलं. “काका, मेलीय ना ती?” म्हणाला.