युद्धातल्या रायफलीला नावं ठेवताना या चुका टाळा

एम-16 वाईट, एके-47 चांगली, असं एका वाक्यात उरकलेलं वाचलं की राग येतो. ऐन चकमकीत ज्याची रायफल अडकली त्या जवानावर तो अन्याय आहे, कारण दोष नेमका कुठला आणि कुणाचा हेच त्यात हरवतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काडतूस बाजूला ठेवून नुसत्या रायफलीचा निकाल लावणं. एम-16 ज्या दारूवर बेतली होती, ती बदलून अमेरिकी सैन्याने व्हिएतनाममध्ये बॉल पावडर या वेगळ्या दारूची काडतुसं पाठवली. मिनिटाला सुटणाऱ्या गोळ्यांची संख्या वाढली, आत काजळी जास्त धरू लागली. चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीला, क्रोमचा मुलामा नव्हता, दमट हवेत ते गंजायचं आणि रिकामी पुंगळी आतच रुतून बसायची. मग नळीच्या तोंडातून सळई घालून ती मागे ढकलायची, तीही समोरून गोळीबार चालू असताना! त्यातच या रायफलीला साफसफाई फारशी लागत नाही असा समज पसरलेला, त्यामुळे कित्येकांकडे ती सळईसुद्धा नव्हती. 1967 मध्ये अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, इकॉर्ड उपसमितीने सैन्याला यावरून धारेवर धरलं. क्रोमचं चेंबर, आतला धक्का झेलणारा नवा बफर आणि सफाईचं सामान मिळाल्यावर तीच रायफल सुधारली.

नेमबाजीच्या मैदानावरचं कौतुक खंदकातही खरं ठरेल असं धरून चालू नका. कॅनडाची रॉस रायफल अचूकतेसाठी नावाजलेली होती. एप्रिल 1915 मध्ये बेल्जियममधल्या ईप्रला मात्र चिखल, तंग चेंबर आणि मापाने किंचित मोठी ब्रिटिश काडतुसं एकत्र आली. काडतुसामागचं तोंड बंद करणारा तापलेला बोल्ट हाताने हलेना, तेव्हा सैनिक बुटाची लाथ घालून तो उघडत. अनेकांनी ती टाकून पडलेल्या ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड उचलल्या. शिवाय रॉसचा बोल्ट चुकीचा जोडला तरी आत बसायचा, पण लॉक न होता गोळी सुटायची आणि बोल्ट थेट तोंडावर यायचा. माझ्या मते हा तिचा खरा, अक्षम्य दोष. स्नायपरांनी तीच रायफल पुढेही आवडीने वापरली, हेही विसरू नये.

भरवशाची म्हणून ओळखली जाणारी ली-एनफिल्डही निर्दोष नव्हती. तिच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. हे भरतानाच पाहावं लागतं.

कारगिलमध्ये भारतीय बनावटीच्या इन्सास रायफलीची प्लास्टिकची मॅगझिनं, म्हणजे काडतुसांच्या पेट्या, थंडीत तडकल्याच्या तक्रारी आल्या. तो दोष मॅगझिनच्या खात्यात मांडा, नळीच्या नव्हे.

नाव एकच असलं तरी बनावटीचं वर्ष पाहा. अमेरिकेच्या 1903 च्या स्प्रिंगफील्ड रायफलीचे सुरुवातीचे काही रिसीव्हर, म्हणजे बोल्ट बसतो ते मधलं घर, ठिसूळ निघाले, कारण पोलाद किती तापलं हे कारागीर रंगावरून ठरवत आणि लख्ख उन्हात नजर फसायची. त्यामुळे स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या 8,00,000 च्या आतल्या क्रमांकांकडे आजही संशयाने पाहतात.

शेवटची चूक मोसिन-नागांत या रशियन रायफलीबद्दल फार होते. सोव्हिएत सैन्यात तिची नेम-जुळणी संगीन लावून केली जायची. संगीन काढून गोळ्या झाडल्या तर त्या बाजूला सरकतात आणि बिचाऱ्या रायफलीवर नेम चुकण्याचा ठपका येतो.