टी-वन की टी-टू? आधी पाणी शोधा

मेंदूच्या एमआरआयची फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावली की आमच्याकडे शिकायला आलेली पोरं आधी गाठ शोधायला लागतात. गाठ राहू द्या बाजूला. फोटो टी-वन की टी-टू, म्हणजे एमआरआयच्या दोन मुख्य प्रकारांपैकी कोणता, ते ठरवायचंय. आधी पाणी कुठंय ते बघा.

मधल्या एखाद्या आडव्या कापात फुलपाखरासारख्या पोकळ्या दिसतील. त्यांत पाण्यासारखा द्रव असतो, सीएसएफ. तो पांढराशुभ्र दिसला की टी-टू. डोळ्यांच्या पातळीवरचा काप काढा, बुबुळामागचा गोळाही पांढराच असणार.

द्रव काळा दिसला म्हणून लगेच टी-वन म्हणून मोकळे होऊ नका. फ्लेअर नावाच्या तिसऱ्या प्रकारातही तो काळाच असतो. आता व्हाइट मॅटर, म्हणजे मेंदूचा बहुतेक आतला भाग, बघा. ग्रे मॅटरपेक्षा, म्हणजे बाहेरच्या थरापेक्षा, ते उजळ असेल तर टी-वन, उलट असेल तर फ्लेअर. चरबीवर मात्र विसंबू नका. हल्लीच्या फास्ट स्पिन एको या झटपट पद्धतीत ती टी-टूलाही उजळच येते.

असं का होतं? दीड टेस्ला ताकदीच्या चुंबकात हायड्रोजनचे प्रोटॉन सेकंदाला जवळपास ६ कोटी ४० लाख गिरक्या घेतात. तेवढ्याच, म्हणजे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडल्या की त्यांचं एकत्रित चुंबकत्व आडवं होतं. लहरी थांबल्या की ते पुन्हा उभं राहायला लागतं, तो टी-वन. आणि प्रोटॉनची आपसातली लय मोडत जाते, तो टी-टू.

पाणी दोन्ही बाबतींत संथ. सीएसएफचा टी-वन चार सेकंदांच्या आसपास, चरबीचा जेमतेम पाव सेकंद. टीआर, म्हणजे दोन रेडिओ पल्समधला वेळ, ५०० मिलिसेकंद ठेवला तर पुढचा पल्स येईपर्यंत चरबी सावरलेली असते, पाणी नाही. म्हणून टी-वनमध्ये पाणी काळं. टी-टूसाठी टीआर ४००० आणि टीई, म्हणजे पल्सपासून सिग्नल मोजेपर्यंतचा वेळ, १०० ठेवा: तेवढ्या वेळात बाकीच्यांचा सिग्नल विझत आलेला, पाण्याचा शाबूत. हे आकडे बहुतेक फिल्मच्या कोपऱ्यात छापलेले असतात, पण पोरं तिकडे बघतील तर शपथ.

फ्लेअरची युक्ती मला सगळ्यांत आवडते. आधी चुंबकत्व पुरतं उलटं करायचं आणि पाण्याचा सिग्नल शून्यावरून जातो त्याच क्षणी मोजणी सुरू करायची. दीड टेस्लाला साधारण सव्वादोन ते अडीच सेकंदांनी. पाणी गायब, आणि पोकळीला चिकटून असलेली सूज पांढरी उठून दिसते.

टी-वनच आहे, पण गॅडोलिनियम (शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट औषध) दिल्यानंतरचा की आधीचा, हे कळत नसेल तर नाकाच्या आतलं अस्तर बघा. चकाकत असेल तर इंजेक्शन दिलंय.