किचनमधल्या बॉयलरला कपाट करण्याआधी

उन्हाळ्यात अमळनेरला आलो की इंग्लंडला निघालेल्या पोरांचे आईवडील भेटायला येतात. भाडं, थंडी, मुलांची शाळा, सगळं विचारून होतं. यंदा एका वहिनींनी मुलाच्या नव्या घराचा फोटो दाखवला. "भाऊ, ओट्याच्या वर ही पांढरी पेटी फार वाईट दिसते. कपाट करून झाकून टाकू का?"

झाका, पण कोंडू नका. ती पेटी म्हणजे घर आणि पाणी तापवणारा गॅसचा बॉयलर. आपल्या अंगणातल्या तांब्याच्या बंबासारखाच त्यात जाळ असतो. बंबाचा धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून कळतो. बिघडलेल्या बॉयलरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास, ना रंग.

माझ्या पहिल्या घरात मी हौसेने चहूबाजूंनी बंद कपाट ठोकलं. वार्षिक तपासणीला आलेल्या माणसाला बॉयलरचं पुढचं झाकण काढायला जागाच उरली नव्हती. तो तपासणी न करता परत गेला आणि मला अर्धं कपाट उखडावं लागलं. चूक माझीच होती.

म्हणून आधी त्या मॉडेलची पुस्तिका बघा. वर, खाली, बाजूला किती जागा सोडायची ते तिच्यात मिलीमीटरमध्ये दिलेलं असतं. दार उघडल्यावर समोर माणूस उभा राहून काम करू शकला पाहिजे. फळ्या स्क्रूने बसवा, म्हणजे सोडवता येतील. नवे बॉयलर बहुधा भिंतीतल्या नळीतून बाहेरची हवा घेतात. जुना, खोलीतली हवा घेणारा असेल तर कपाटाला वर-खाली झरोके लागतातच, आणि ते किती मोठे हे सुताराने ठरवायचं नाही. गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे गॅसची कामं करायला मान्यता असलेल्यांच्या तिथल्या अधिकृत यादीत, नाव असलेल्या माणसालाच विचारा, त्याचं ओळखपत्र मागून बघा. बॉयलरचं झाकण स्वतः उघडू नका.

भाड्याचं घर असेल तर मालकाच्या परवानगीशिवाय खिळाही नको. दरवर्षी गॅसची तपासणी करून घेणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. तिचा कागद राहायला जाण्याआधीच मागून घ्या.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कपाटात नाही, खोलीत लावा, बॉयलरपासून 1 ते 3 मीटरवर. अलार्म वाजला किंवा गॅसचा वास आला, तर खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि गॅसच्या आपत्कालीन सेवेला 0800 111 999 वर फोन करा. हा नंबर कपाटाच्या दारावर लिहून ठेवा.

आणि वहिनी, ते कपाट उबदार नि कोरडं असतं, म्हणून तिथे पापड ठेवायचा मोह होतो. तुम्ही बांधून दिलेले बिबडे त्याने शेजारच्या कपाटात ठेवावेत.