भरीत खा, पण लगेच आडवे होऊ नका: छातीतली जळजळ घरच्या घरी कशी शमवावी

थंडी पडली की जळगाव, यावल, रावेरकडे शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, वर तेलाची सढळ धार आणि सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. पंगत उठायला रात्रीचे अकरा वाजतात, घरी येऊन माणूस थेट अंथरुणात शिरतो आणि तासाभरात घशाशी आंबट येतं. दोष सगळा वांग्यावर जातो. खरी चूक बहुतेक वेळा घड्याळाची असते.

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला झडपेसारखा एक स्नायू असतो. तो सैल पडला किंवा पोटातून त्याच्यावर दाब आला की आम्ल वर चढतं. तेल-तूप पोटात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून तुपात बुडवलेली बट्टी किंवा तर्रीदार शेवभाजी रात्रीपेक्षा दुपारी बरी.

जळजळ सुरू झाली असेल तर

आधी उठून बसा. पायजम्याची किंवा परकराची नाडी सैल करा, वाकू नका. साधं पाणी दोन-चार घोट घ्या. तांब्याभर पाणी एकदम ढोसलं तर पोट आणखी ताणतं. मग चिमूटभर बडीशेप सावकाश चघळा किंवा बिनसाखरेचं च्युइंगम अर्धा तास. यात काम लाळेचं असतं: ती आम्ल सौम्य करते आणि खाली ढकलते. पुदिन्याची गोळी मात्र नको. गार वाटते खरी, पण ती तीच झडप सैल करते.

एवढ्याने भागलं नाही तर खायचा सोडा. अर्धा लहान चमचा, सपाट, अर्ध्या ग्लास पाण्यात पूर्ण विरघळवून घोटाघोटाने प्या. तट्ट भरलेल्या पोटावर घेऊ नका, कारण गॅस झपाट्याने तयार होतो. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बायांनी याच्या वाटेला जाऊ नये. लहान मुलांनाही देऊ नये. यात सोडियम भरपूर असतं. दुकानातल्या फसफसणाऱ्या पुड्यांतही मुख्य माल बहुधा हाच, तेव्हा रोजची सवय नको.

थंड दुधाने क्षणभर बरं वाटतं, पण त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश पोटाला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. झोपताना ग्लासभर सायीचं दूध म्हणूनच उलटतं.

दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत उतरत असेल, सोबत घाम किंवा धाप असेल, तर सोडा कालवत बसू नका. ताबडतोब दवाखाना गाठा. घास अडकणं, काळी शौच, रक्ताची उलटी, कारण नसताना वजन उतरणं, किंवा आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा होणारी जळजळ, हेही डॉक्टरांचंच काम.

रात्रीची मांडणी बदला

जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. अकराला झोपत असाल तर ताट आठला. पार्टी असेलच तर संध्याकाळी सहाला पिकलेली दोन केळी खाऊन निघा (केळीच्या मुलखात यासाठी निमित्त लागू नये), म्हणजे भुकेपोटी पानावर तुटून पडणं टळतं.

पलंगाचे उशाकडचे दोन्ही पाय 15 ते 20 सेंटिमीटर उचला. साधारण साडेसात सेंटिमीटर जाडीच्या दोन विटा एकावर एक आडव्या ठेवल्या की काम होतं. डगमगत असतील तर लाकडी ठोकळा बरा. दोन-तीन उशा रचून उपयोग नाही. त्याने फक्त मान वर होते, कंबरेत घडी पडते आणि पोटावर उलट दाब येतो. उन्हाळ्यात गच्चीवर गादी टाकून झोपत असाल तर डोक्यापासून कंबरेपर्यंत एकसारखा उतार होईल अशा घड्या गादीखाली घाला. डाव्या कुशीवर झोपा. तेव्हा जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं.

ताटातलं

सगळं एकदम सोडू नका. दोन आठवडे वहीत तीन गोष्टी लिहा: काय खाल्लं, किती वाजता, आडवे कधी झालात. एकाला ठेचा बाधतो, तर दुसऱ्याला टोमॅटो किंवा उपाशीपोटी घेतलेला चहा. जे तीनदा सापडेल तेच कमी करा. शेवभाजीवरची तर्री पळीने काढून टाका. ताक आंबूस नको. ताज्या दह्याचं, पातळ. पोटाचा घेर वाढलेला असेल तर दोन-चार किलो उतरले तरी फरक कळतो. तंबाखूने झडप सैल पडते, त्यामुळे पुडी खिशात असेपर्यंत विटांचाही पुरता उपयोग व्हायचा नाही.

सांधेदुखीच्या काही गोळ्याही पोट जाळतात. चालू असतील तर डॉक्टरांना पाकीट दाखवून विचारा, आपणहून बंद करू नका.