लिनक्स बसवताना छळणारी रॅम : माझा अनुभव

खानापुरातील आमच्या दुकानातल्या जुन्या संगणकावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) बसवताना इन्स्टॉलर दर वेळी वेगळ्याच टप्प्यावर अडकत असे; कधी एखादे पॅकेज उलगडताना त्रुटी येई, तर कधी थेट कर्नल पॅनिक, म्हणजे लिनक्सचा गाभाच बंद पडे. त्रुटी ठरावीक जागीच आली असती, तर मी इन्स्टॉलर असलेल्या पेनड्राइव्हला दोष दिला असता. तरीही आयएसओ फाइलचा, म्हणजे इन्स्टॉलरच्या मूळ फाइलचा, चेकसम (फाइल बिघडली आहे का हे दाखवणारा आकडा) ताडून पाहिला, तो जुळला.

मग मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारे साधन रात्रभर चालवले आणि सकाळी पडद्यावर त्रुटींच्या लाल ओळींची रांग दिसली. रॅमच्या ४ जीबीच्या दोन डीडीआर३ पट्ट्या एकेक करून दोन्ही स्लॉटमध्ये (पट्टी बसवायच्या खाचांमध्ये) तपासल्या, तेव्हा त्रुटी पट्टीबरोबर न फिरता एकाच स्लॉटला चिकटून राहिली. आमच्याकडच्या पावसाळ्यातील ओल आणि दुकानातील धूळ पाहता यात नवल नव्हते. वीज तोडून स्लॉट मऊ ब्रशने झाडला, पट्ट्यांचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले आणि खट्‌ असा आवाज येईपर्यंत पट्ट्या दाबून बसवल्या. पुढच्या चाचणीत एकही त्रुटी आली नाही व डेबियन विनातक्रार बसले.

पट्टीच सदोष निघाली असती, तर ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये) मेममॅप ही सूचना देऊन रॅममधले खराब पत्ते वगळता आले असते. पण हिशेबाच्या संगणकावर मी तो धोका पत्करला नसता, पट्टीच बदलली असती.