सी भाषेत मजकुरात व्हेरिएबल कसं बसवावं

सीमध्ये मजकूर आणि आकडा अधिक चिन्हाने जोडता येत नाहीत. लिहून पाहिलंत तर कंपायलर कदाचित अडवणारही नाही. पॉइंटर, म्हणजे मजकुराचा मेमरीतला पत्ता, तेवढी घरं पुढे सरकेल आणि भलतंच छापलं जाईल. हे काम एसएनप्रिंटएफ (snprintf) या फंक्शनचं आहे. त्याला बफर, म्हणजे तयार मजकूर ठेवायची जागा, तिचा आकार, साचा आणि व्हेरिएबल द्यायचे.

आधी साचा लिहा, म्हणजे जिथे व्हेरिएबल बसायचं तिथे टक्क्याची खूण असलेला मजकूर. इंटसाठी टक्के-डी, लाँगसाठी टक्के-एल-डी, डबलसाठी टक्के-एफ, स्ट्रिंगसाठी टक्के-एस, साइझ-टीसाठी (आकार ठेवायचा प्रकार) टक्के-झेड-यू. दशांशानंतर दोनच आकडे हवे असतील तर टक्के आणि एफच्या मध्ये बिंदू देऊन २ लिहा. मग त्याच क्रमाने व्हेरिएबल द्या. जीसीसी या कंपायलरला वजा-डब्ल्यू-ऑल (-Wall) हा पर्याय लावलात की न जुळणारे प्रकार कंपायलरच दाखवतो.

आता बफरचा आकार. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच पायरीने, आणि चुकीचे सल्लेही इथेच सर्वाधिक मिळतात. ‘एसप्रिंटएफ वापरा आणि बफर मोठा घ्या’ हा त्यातला सगळ्यात वाईट. एसप्रिंटएफला बफर कुठे संपतो हे कळतच नाही. नाव अपेक्षेपेक्षा लांब निघालं की शेजारची मेमरी खराब होते, आणि प्रोग्राम कोसळतो तो तिसऱ्याच ठिकाणी. सी९९पासून, म्हणजे १९९९च्या प्रमाण आवृत्तीपासून, एसएनप्रिंटएफ प्रमाण भाषेत आहे, तेव्हा दुसरं काही वापरायचं कारण नाही.

पण नुसतं आकार देऊन भागत नाही. एसएनप्रिंटएफ परत देतं ती संख्या वाचा. ती किती बाइट लिहिले याची नसते, पूर्ण मजकुराला किती लागले असते याची असते, शेवटचा शून्य बाइट वगळून. ऋण आली तर चूक झाली. बफरच्या आकाराइतकी किंवा जास्त आली तर मजकूर कापला गेला. मराठी मजकुरात हे हमखास घडतं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मात्राही. ‘पुणे’ दिसायला दोन अक्षरं, पण लागतात १२ बाइट, शून्य धरून १३. बफर १२चा असेल तर शेवटची मात्रा मधूनच तुटते आणि पडद्यावर कचरा दिसतो.

लांबी आधी माहीत नसेल तर अंदाज बांधू नका. पहिल्यांदा बफरच्या जागी नल (रिकामा पॉइंटर) आणि आकार ० द्या, लांबी मिळेल. त्यात १ मिळवून मॅलॉकने तेवढी मेमरी घ्या, मिळालेला पॉइंटर नल नाही ना ते पाहा आणि एसएनप्रिंटएफ पुन्हा बोलवा, या वेळी खरा बफर आणि आकार देऊन. काम झालं की फ्रीने ती मेमरी परत करा.

फंक्शनमध्ये पॅरामीटर म्हणून आलेल्या बफरवर आकार सांगणारं साइझऑफ लावू नका. तिथे तो नुसता पॉइंटर असतो. ६४-बिट मशीनवर ८ मिळतील, बफर कितीही मोठा असो. आकार वेगळा पाठवा.

आणि बाहेरून आलेला मजकूर साच्याच्या जागी कधीच देऊ नका. साचा टक्के-एस ठेवा आणि मजकूर त्यानंतर द्या. नाहीतर त्यात कोणी टक्के-एन लिहिलं, तर प्रोग्राम मेमरीत नको तिथे लिहू शकतो.