सॅडल हंटिंग: झाडाला टांगून घ्यायची पहिली तयारी

अमेरिकेत व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला झाडावर लोखंडी मचाण बांधायची रीत जुनी आहे. सॅडलवाला मचाण बांधतच नाही. कमरेला आणि मांड्यांना कापडी खोगीर (सॅडल) घालायचं, दोराने स्वतःला खोडाला टांगून घ्यायचं, पाय वीतभर प्लॅटफॉर्मवर टेकवायचे आणि तोंड खोडाकडे. खोगीर एक-दोन किलोचं असतं, त्यामुळे रोज नवं झाड निवडता येतं.

भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा हे तिकडे राहणाऱ्यांसाठी. आधी राज्याचा हंटर एज्युकेशन कोर्स आणि परवाना. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल कायदा बंदूक बाळगू देत नाही. वैध शिकार परवाना हा त्याला अपवाद आहे, पण वकिलाला विचारल्याशिवाय बंदूक घेऊ नका. धनुष्य त्या कायद्यात येत नाही.

सामान असं: खोगीर आणि त्याच्या पुढचा ब्रिज (दोन्ही बाजूंच्या फासांना जोडणारा आखूड दोर), वर टांगायचा टेथर, चढताना खोडाभोवती घ्यायचा लाइनमन बेल्ट, चार क्लाइंबिंग स्टिक (खोडाला पट्ट्याने बांधायच्या पायऱ्यांच्या दांड्या), प्लॅटफॉर्म आणि किमान २२ किलोन्यूटनचे लॉक होणारे कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या). बजेट तुटपुंजं असेल तर प्लॅटफॉर्म स्वस्तातला चालेल, दोर आणि कॅराबिनर नाही. किल्ल्यांच्या जुडग्याचा हूक कॅराबिनरसारखा दिसतो, एवढंच.

गाठ जमिनीवरच शिका. ११ मिमीच्या टेथरवर ७ ते ८ मिमीच्या दोरीने तीन वेढ्यांची प्रुसिक (वजन पडलं की दोराला आवळणारी सरकती गाठ) बांधा. ब्रिज कॅराबिनरने हिलाच अडकतो. दोन्ही दोऱ्या सारख्याच जाडीच्या असतील तर गाठ धड आवळत नाही. वेढे शेजारी-शेजारी बसले पाहिजेत. एक जरी दुसऱ्यावर चढला तरी वजन पडल्यावर गाठ घसरू शकते. बांधून झाली की हाताने जोरात हिसका द्या. सैल असताना सरकली आणि ताणल्यावर जागच्या जागी रुतली, तर बरोबर. टेथरच्या खालच्या टोकाला एक जाड गाठ हवीच, नाहीतर प्रुसिक सरकत टोकावरून निघून जाईल.

झाड जिवंत, सरळ, १० ते १८ इंच व्यासाचं घ्या. वर सुकलेली फांदी लटकत असेल तर दुसरं बघा. अ‍ॅशच्या झाडांबाबत जास्त सावध राहा: २००२मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या एमराल्ड अ‍ॅश बोरर या झाड पोखरणाऱ्या किड्याने ती मोठ्या प्रमाणावर मारली आहेत, आणि मेलेलं अ‍ॅश फार ठिसूळ होतं.

पहिले काही दिवस पाय जमिनीपासून फूटभरच वर. मग चढाई. जमिनीवर असतानाच लाइनमन बेल्ट खोडाभोवती घेऊन दोन्ही बाजूंना अडकवा. पहिली स्टिक बांधा, पट्टा खेचून आवळा आणि पायरीवर पाय दाबून ती सालीत रुतवा. मग पुढची. वाटेत फांदी आली की बेल्ट काढायचा मोह होतो. आधी टेथर फांदीच्या वर बांधून ब्रिजला अडकवा, मगच बेल्ट सोडा. वर पोहोचल्यावरही हाच क्रम. टेथर, ब्रिज, वजन टाकून खात्री, त्यानंतर बेल्ट ढिला. घोळ बहुतेक या अदलाबदलीतच होतो, कारण हात थंड असतात आणि घाई असते.

टेथर उभं राहिल्यावर कपाळाच्या आसपास येईल असा बांधा आणि तो कायम ताणलेला ठेवा. हा दोर झटक्याने फारसा लांबत नाही. दोन फूट ढिलाईत पाय निसटला तर सगळा झटका कमरेला बसतो. बसल्यावर कंबर दोन्ही बाजूंनी चेपत असेल तर ब्रिज थोडा लांब करा. तरीही टोचत असेल तर खोगीर खाली, थेट ढुंगणाखाली ओढा.

हरणाची वाट कोणत्या बाजूला ठेवायची? उजव्या हाताने धनुष्य ओढणाऱ्याने ती डावीकडे ठेवावी, म्हणजे थोडं वळून नेम धरता येतो. उजवीकडून हरीण आलं तर अख्खं अंग फिरवावं लागतं, आणि तेवढी हालचाल त्याला पुरते. धनुष्य किंवा रिकामी केलेली बंदूक दोरीने मागाहून वर ओढा, खांद्यावर घेऊन चढू नका.

पाय निसटून नुसतं लटकत राहिलात तर रक्त पायांत साचतं आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून पाय ठेवायला एक जादा फास हाताशी ठेवा, फोन छातीच्या खिशात, आणि झाड नेमकं कुठे आहे ते घरी सांगून निघा.

उतरताना सगळं उलट: आधी बेल्ट खोडाभोवती अडकवायचा, मगच टेथर सोडायचा. घरी आल्यावर दोर बोटांतून पूर्ण फिरवून बघा. कुठे धागे फुटलेत, कडक झालाय, चपटा लागतोय, तो दोर कापूनच टाका, म्हणजे पुन्हा कोणी वापरणार नाही.